चाकांवरचे घर आणि सीमेवरचा डोळा

परतवाड्याहून बैतुलकडे जाणारा रस्ता खरपीच्या पुढे महाराष्ट्राचा निरोप घेतो. मुक्तागिरीची मंदिरे मध्य प्रदेशच्या बैतुल जिल्ह्यात असली, तरी तिथे जाण्याची वहिवाट परतवाड्यावरूनच आहे. त्यामुळे अचलपूर-परतवाड्याच्या माणसाला राज्याची हद्द ओलांडण्यात काही विशेष केल्यासारखे वाटत नाही. मालमोटार चालविणाऱ्याला मात्र खरपी हे नाव चांगलेच परिचयाचे आहे. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर राज्याच्या हद्दीवर जे २२ एकात्मिक सीमा तपासणी नाके उभारण्याचे ठरले, त्यांत अमरावती जिल्ह्याच्या वाट्याला खरपी आणि वरुड ही ठिकाणे आली. वजनकाटा, कागदपत्रांची पाहणी, सेवाशुल्क आणि पुन्हा रस्ता असा तिथला क्रम. खासगी गाडीला यातले काहीच लागू नव्हते. मालमोटारींच्या रांगेच्या बाजूने ती निघून जात असे.

अशा निघून जाणाऱ्या गाड्यांत अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. बाहेरून छोट्या बससारखी दिसणारी, आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, प्रसाधनगृह आणि खिडक्यांना पडदे असलेली ही मोटारहोम किंवा कॅरव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हापासून या वाहनाला सरकारदरबारीही ओळख मिळाली. चिखलदरा, मेळघाट आणि लोणार ही वऱ्हाडातली ठिकाणे अशा प्रवासाला सोयीची आहेत. मुक्कामाच्या खोल्या कमी आणि मोकळी जागा भरपूर. हौशी मंडळी येऊ लागली तर त्याचे स्वागतच करायला हवे.

परंतु घर जेव्हा चाकांवर येते, तेव्हा सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. समोर आहे ते वाहन समजायचे की घर? वाहन म्हटले तर ते थांबवता येते, उघडता येते, क्ष-किरणांच्या यंत्राखालून नेता येते. घर म्हटले तर उंबरठ्यावर थांबून आधी कारण सांगावे लागते. युरोप-अमेरिकेत सीमाशुल्क खाती या प्रश्नाशी काही दशकांपासून झगडत आहेत. वऱ्हाडाला आंतरराष्ट्रीय सीमा नाही. मग आपण त्याची चिंता कशाला करायची, असे कोणी म्हणेल. पण राज्यांच्या सीमेवरचे नाके एकामागून एक जात असताना त्यांच्या जागी काय येणार, हे ठरण्याचा काळ नेमका हाच आहे.

नाके जात आहेत, हे तर दिसतेच आहे. गुजरातने २०१९ मध्ये परिवहन विभागाचे नाके बंद केले. मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून तेच केले. २०२५ मध्ये महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीही आपल्या राज्यातील सीमा तपासणी नाके बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. कारण उघड आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि २०१८ पासून ई-वे बिलाची सक्ती झाली, तेव्हाच कराच्या दृष्टीने नाक्याचे प्रयोजन संपले. मालाचा कागद मालाच्या आधी संगणकावर पोहोचत असेल, तर मालमोटार अडवून ठेवण्यात डिझेल आणि वेळ यांच्या नासाडीखेरीज काही हाती लागत नाही. वाहतूकदारांची नाक्यांबद्दलची इतर तक्रार सर्वांना ठाऊक आहे. तिचा येथे पुनरुच्चार नको.

अमरावती आणि अकोला या शहरांना हा अनुभव नवा नाही. जकात होती तोवर शहराच्या प्रत्येक तोंडाशी नाका होता. भरलेल्या मेटॅडोरवर चढून पोत्यात पोकळ सळई खुपसणारा नाकेदार ज्यांनी पाहिला आहे, अशी पिढी अजून शहरात आहे. सळईच्या खोबणीतून चार दाणे बाहेर येत आणि त्या चार दाण्यांवरून संपूर्ण गाडीचे भवितव्य ठरे. जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांच्या मागून सुटला. नाक्यांच्या खोल्या ओस पडल्या. शहरात काय येते हे पाहणारा कोणी उरला नाही म्हणून शहर बुडाले नाही, हेही खरे. उलट रस्ते धावू लागले. अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकृत होऊन त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्त्याच्या या वेगापुढे सळईवाला नाकेदार टिकणार नव्हताच.

तथापि इतिहास थोडा मागे नेला, तर याच परिसराने नाक्याचे एक अक्राळविक्राळ रूपही पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकात मिठावरचा आणि साखरेवरचा कर वसूल करण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानच्या अंगावर आडवी अशी एक अंतर्गत सीमाशुल्क रेषा आखली होती. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत तिची लांबी सुमारे २,३०० मैल भरत होती आणि तिच्या राखणीला जवळपास १२,००० माणसे होती. मोठ्या भागात या रेषेवर काटेरी झुडपांचे कुंपणच वाढविले होते. हे कुंपण बऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे आजच्या धारणी तालुक्याच्या शेजारापर्यंत येऊन पोहोचले होते. चोरून मीठ नेणारा कुंपणातून वाट काढत असे आणि पहारेकरी त्याच्या पावलांचे ठसे शोधत असे. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने २००१ मध्ये या कुंपणावर पुस्तक लिहिले, तोवर आपल्याकडेही त्याची आठवण जवळजवळ पुसली गेली होती. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. कुंपण पक्के करण्याचे बरेचसे श्रेय किंवा अपश्रेय त्यांच्याकडे जाते. पुढे याच ह्यूमसाहेबांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि त्या काँग्रेसचे १८९७ चे अधिवेशन अमरावतीत भरले. कुंपण मात्र त्याआधीच, १८७९ मध्ये, सरकारने स्वतःहून मोडीत काढले होते. बारा हजार माणसे पोसून प्रत्येक गोणीवर नजर ठेवण्याचा व्यवहार साम्राज्यालाही झेपला नाही.

आज त्या बारा हजार माणसांची जागा यंत्र घेऊ शकेल, असा एक समज रूढ होतो आहे. गाडी कमानीखालून गेली की आतले सर्व पडद्यावर, असे त्याचे चित्र रंगविले जाते. यंत्र खरोखर काय पाहते, हे त्यामुळे समजून घेणे अगत्याचे ठरते.

वाहन तपासणीची यंत्रे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात अतिशय शक्तिशाली किरण वाहनाच्या आरपार जातात आणि पलीकडे सावली उमटते. जिथे घनता जास्त तिथे सावली गडद. भरलेला कंटेनर पाहण्यासाठी हीच यंत्रे लागतात, आणि त्यांच्याखालून गाडी जाताना आत माणूस असता कामा नये. चालकाला उतरवून गाडी वेगळी न्यावी लागते किंवा यंत्रच गाडीभोवती फिरवावे लागते. दुसऱ्या प्रकारात सौम्य किरण वाहनाच्या पृष्ठभागावरून उलटून येतात. तंबाखू, अमली पदार्थ, स्फोटके किंवा मानवी शरीर अशा हलक्या अणूंच्या वस्तू त्यात उजळ दिसतात. आत माणसे बसलेली असतानाही अशी तपासणी करता येते, कारण किरणांची मात्रा अत्यल्प ठेवलेली असते. आपल्या देशात किरणोत्सर्गी उपकरणांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. तेव्हा उद्या कोणी एखादे यंत्र आणून नाक्यावर उभे करावे, इतका हा मामला सोपा नाही.

आता या यंत्राखाली मोटारहोम आणा. मिठाच्या किंवा सिमेंटच्या पोत्यांनी भरलेली मालमोटार एकसारखी दिसते. त्यात काही वेगळे दडविले असेल तर सावलीत ठिगळ पडल्यासारखे जाणवते. मोटारहोमची गोष्ट निराळी. तिथे भिंतीच्या आत उष्णतारोधक थर असतो, त्यात तारा आणि नळ असतात. बिछान्याखाली पाण्याची टाकी, ओट्याखाली गॅसची टाकी, मागे जादा बॅटऱ्या, वर कपाटे, कपाटांत डाळ-तांदूळ, कपडे आणि औषधे. प्रत्येक गोष्ट जिथे असायला नको तिथेच असते, कारण जागा वाचविण्यासाठी घर तसेच रचलेले असते. संसाराची सावली ही अशीच अस्ताव्यस्त पडते. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला त्यात संशयास्पद काय ते सांगणे कठीण जाते. मग एक तर तो प्रत्येक गाडी बाजूला घेतो किंवा एकही घेत नाही.

यंत्राच्या मर्यादेचा याहून कडू अनुभव आपल्या देशाच्या खऱ्याखुऱ्या सीमेवर आला आहे. जून २०१९ च्या अखेरीस अटारी येथे पाकिस्तानातून आलेल्या सैंधव मिठाच्या पोत्यांत ५३२ किलो हेरॉइन सापडले. शोधणारे सीमाशुल्क खात्याचे कर्मचारी होते आणि त्यांनी ते पोती उघडून, हाताने तपासून शोधले. एके काळी मिठासाठी कुंपण घालणाऱ्या देशात मिठानेच दुसऱ्या मालाला आडोसा द्यावा, हा योगायोग विलक्षण म्हणायचा. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून सुमारे तीन हजार किलो हेरॉइन पकडले गेले, तेव्हाही महसूल गुप्तचर संचालनालयाला आधीच कुणकुण लागलेली होती. यंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. कोणते वाहन यंत्राखाली न्यायचे हे सांगणारा माणूस आधी लागतो, एवढा त्याचा अर्थ आहे. अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये कायदा करून जमिनीवरील सीमांवर सर्व वाहनांच्या यांत्रिक तपासणीची योजना आखण्याचा आदेश आपल्या सीमाशुल्क खात्याला दिला. त्या देशापाशी पैसा आहे, यंत्रे बनविणारे कारखाने आहेत. तरीही ‘सर्व वाहने’ हे शब्द कागदावरून रस्त्यावर यायला वेळ लागतोच आहे.

तपासणी चुकली तर भुर्दंड कोणाला बसतो, हा यातला आणखी एक पैलू. इंग्लंडमधील एका दाम्पत्याची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. २०२४ च्या शरद ऋतूत हे दोघे फ्रान्सची सहल आटोपून आपल्या मोटारहोमने कॅलेमार्गे परतले. घरी आल्यावर गाडीच्या मागे सायकलींवर घातलेले आच्छादन काढतात तो आत एक माणूस! सीमेवरच्या कोणाच्याही नजरेस तो पडला नव्हता. त्यांनी स्वतःच पोलिसांना बोलाविले. काही आठवड्यांनी त्यांच्या हाती सरकारची नोटीस पडली : बेकायदा प्रवेश करणाऱ्यास वाहून आणल्याबद्दल पंधराशे पौंड दंड. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यानंतर २०२५ मध्ये तो दंड मागे घेण्यात आला. सीमेवरच्या यंत्रणेला जे दिसले नाही, ते मालकाला दिसायला हवे होते, असा त्या कायद्याचा रोख होता. मालमोटारींच्या कंपन्यांसाठी केलेला नियम निवृत्त माणसाच्या फिरत्या घराला लावला की असे होते.

अमेरिकेत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९८५ च्या ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ या खटल्यात सॅन डिएगो शहरातील एका वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटारहोमची वॉरंटशिवाय झडती घेण्यात आली होती. घराच्या झडतीला वॉरंट लागते, मोटारीच्या झडतीला सबळ संशय पुरतो; मग मोटारहोमचे काय? सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने तिला मोटार ठरविले. जी क्षणात सुरू होऊन निघून जाऊ शकते तिला घराचे संरक्षण नाही, हा त्यामागचा तर्क. मात्र चाके काढून ठोकळ्यांवर उभ्या केलेल्या, वीज-पाण्याला जोडलेल्या मोटारहोमचे काय, हा प्रश्न न्यायालयाने जाणीवपूर्वक मोकळा ठेवला. पडदे लावलेल्या खिडकीमागे माणसाला खासगीपणाची रास्त अपेक्षा असते, असे अल्पमतातल्या न्यायमूर्तींचे म्हणणे होते आणि ते मला अधिक पटते.

आपल्या कायद्याने याचे उत्तर अर्धेच दिले आहे, पण जे दिले आहे ते मोलाचे आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ४२ मध्ये इमारत, वाहन किंवा बंदिस्त जागा यांच्या झडतीची रीत घालून दिली आहे. मिळालेली माहिती लेखी नोंदवायची, सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचे तर त्याची कारणे लिहायची आणि ती नोंद ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवायची. कलम ४३ सार्वजनिक जागेसाठी आहे; तिथे इतकी बंधने नाहीत. रस्त्यावर उभी असलेली खासगी जीप यांपैकी कशात मोडते? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ‘बूटा सिंग विरुद्ध हरियाणा सरकार’ या प्रकरणात निःसंदिग्ध उत्तर दिले. न्या. उदय लळित आणि न्या. के. एम. जोसेफ यांच्या पीठाने सांगितले की, रस्ता सार्वजनिक असला तरी खासगी वाहन हे कलम ४३ मधील सार्वजनिक जागा ठरत नाही. तेव्हा कलम ४२ चीच रीत पाळायला हवी होती. ती पाळली नव्हती म्हणून आरोपी सुटले. जी गोष्ट जीपची, ती मोटारहोमची अधिकच.

सीमाशुल्क कायदा मात्र अधिक मोकळा आहे. तस्करीत वापर झाल्याचे मानण्यास कारण असेल, तर त्याच्या कलम १०६ नुसार अधिकारी देशात कुठेही वाहन थांबवू शकतो, त्याचा कोपरान् कोपरा धुंडाळू शकतो, कुलूप तोडू शकतो. त्याच कायद्यात कलम १०३ आहे. एखाद्याने शरीराच्या आत माल दडविला असल्याचा संशय असेल, तर क्ष-किरण तपासणी कशी करायची ते त्यात सांगितले आहे. तिथे वरिष्ठाची परवानगी, दंडाधिकारी, संमती अशा पायऱ्या आहेत. शरीराला एवढे संरक्षण आणि वाहनाला जवळपास काहीच नाही. या दोन टोकांच्या मध्ये, बिछान्यावर माणसे झोपलेली असताना यंत्राखालून जाणारे घर कुठे बसते, हे कायद्यात कोणी लिहिलेले नाही. ते लिहिण्याची गरज कायदेकर्त्यांना आजवर भासली नाही, कारण मोटारहोम ही आपल्याकडे श्रीमंतांची चैन समजली गेली.

वास्तविक पाहता आपल्याकडे मोटारहोम फार पूर्वीपासून आहे. तिचे नाव तेवढे वेगळे आहे. वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाहून काशी-अयोध्या-नेपाळ किंवा चारधाम यात्रेला निघणारी बस पाहा. टपावर गाद्यांच्या वळकट्या आणि पातेली, डिकीत गॅसच्या टाक्या आणि कणकेचे डबे, पुढच्या सीटवर आचारी. वीस-बावीस दिवस पन्नास माणसांचा संसार तिच्यात चालतो. सोनौली किंवा रक्सौलला पोहोचल्यावर नेपाळच्या सीमाशुल्काचा, म्हणजे तिथल्या भाषेत भन्साराचा, परवाना काढावा लागतो. गावाकडची म्हातारी माणसे एखाद्या देशाच्या सीमाशुल्क खात्याला सामोरी जातात, ती आयुष्यात बहुधा याच एका प्रसंगी.

काही वर्षांपूर्वी कुटुंबातील वडीलधाऱ्यांसोबत अशाच एका यात्रेत असताना एका तपासणी नाक्यावर आमची बस साडेतीन तास उभी होती. कशासाठी, ते शेवटपर्यंत कळले नाही. सामान खाली उतरविले गेले. एका मावशींचा तिखट-मिठाचा डबा उघडून त्यात काठी फिरविली गेली. डबा त्यांनी तिथेच ठेवून दिला, ‘आता कोन खाईन ते’ म्हणून. काही सापडले नाही. काही सापडले नाही याचा कागदही कोणी दिला नाही. तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. डब्यात खरोखर काही असू शकते, हे मलाही मान्य आहे. त्या साडेतीन तासांची कुठेच नोंद नाही, ही गोष्ट मात्र अजून खटकते.

आणि डब्यात काही असू शकते, हे वऱ्हाडाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही अकोल्यात किंवा अमरावतीत पानटपरीवर तो मिळत नाही, असे शपथेवर सांगणारा माणूस भेटणे कठीण. तो मालमोटारींतून येतो तसाच खासगी गाड्यांतून आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतूनही येतो. अन्न व औषध प्रशासनाच्या आणि पोलिसांच्या कारवायांच्या बातम्या आठवड्याआड वाचायला मिळतात. दुसरा माल बियाण्याचा. तणनाशक-सहनशील कापसाच्या बियाण्याला देशात मान्यता नाही, पण १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे, सर्वांदेखत पेरले. बियाणे शेतात आले, त्याअर्थी ते कुठून तरी रस्त्याने आलेच. यातील पहिला माल आरोग्याला घातक म्हणून बंद आहे आणि दुसऱ्याच्या बंदीबद्दल शेतकऱ्यांतच तीव्र मतभेद आहेत. नाक्यावरच्या यंत्राला हा भेद कळत नाही. त्याच्या पडद्यावर सरकीही सेंद्रिय आणि तंबाखूही सेंद्रिय.

म्हणूनच प्रत्येक सीमेवर यंत्र बसवा, ही मागणी मला भाबडी वाटते. मेळघाटातून मध्य प्रदेशात उतरणाऱ्या वाटा सरकारी नकाशावर आहेत त्याहून कितीतरी जास्त आहेत. खरपीला कमान उभी केली तर माल त्या कमानीखालून येणार नाही, एवढे चातुर्य माल आणणाऱ्यांत निश्चित आहे. सापडेल तो बिचारा हौसेने निघालेला पर्यटक किंवा यात्रेकरू. त्यापेक्षा मोजकी फिरती यंत्रे गुप्तवार्तेच्या आधारे वापरणे स्वस्त आणि परिणामकारक ठरेल. विवक्षित गाडीची माहिती असेल तर ती गाठावी, यंत्राखाली घ्यावी, गरज पडल्यास भिंतीचा पत्राही खोलावा. मात्र आत माणसे असताना सौम्य किरणांचेच यंत्र वापरावे आणि गाडीतल्यांना उतरण्याचा पर्याय विचारावा. गर्भवती स्त्रीला हा प्रश्न विचारलाच जात नसेल, तर त्या तपासणीला शास्त्रीय म्हणण्यात अर्थ नाही.

तपासणी कोणाची होते, हाही प्रश्न लहान नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे उद्धव ठाकरे यांच्या बॅगा तपासल्या गेल्या आणि त्यांनी त्या तपासणीचेच चित्रीकरण करून ते जगापुढे मांडले. माझी तपासता तशी इतरांचीही तपासली का, असा त्यांचा सवाल होता. मग दोन दिवस राज्यभर पुढाऱ्यांच्या बॅगा तपासल्याच्या चित्रफितींचा पूर आला. त्यातल्या राजकारणाचा भाग सोडून द्या. पुढाऱ्याच्या हाती कॅमेरा होता म्हणून त्याच्या तपासणीची नोंद राहिली. तिखटाच्या डब्याच्या मालकिणीपाशी कॅमेरा नव्हता.

या बाबतीत नव्या कायद्याने एक दार उघडून ठेवले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने पोलिसांच्या झडतीचे आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठविण्याचे बंधन घातले. ही संहिता अमलात आली तो दिवस १ जुलै २०२४, म्हणजे मध्य प्रदेशने आपले नाके बंद केले तोच दिवस. कायमचा नाका जाऊन त्याच्या जागी कधीही, कुठेही होणारी झडती येत असेल, तर हे चित्रीकरण हाच तिचा नवा लगाम आहे. पण अन्न व औषध प्रशासन, वन विभाग, कृषी विभागाची भरारी पथके आणि निवडणूक काळातील स्थिर निगराणी पथके यांनीही तोच शिरस्ता पाळावा, असा स्पष्ट आदेश राज्य सरकारने काढायला हवा. वाहन किती वाजता थांबविले, कोणत्या संशयावरून, कोणाच्या आदेशाने, यंत्राखाली नेले की हाताने पाहिले आणि किती वाजता सोडले, एवढ्या पाच गोष्टींची छापील पावती गाडीतल्या माणसाला मिळाली पाहिजे. काही सापडले नाही तर विशेषच. टोल नाक्यावर काही सेकंदांत पावती देणारी यंत्रणा आपण उभी केली आहे. तेव्हा हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

राहता राहिली कॅरव्हॅन. पर्यटन संचालनालयाच्या धोरणात तिच्या नोंदणीची आणि वाहनतळांची तरतूद आहे, झडतीबद्दल मात्र चकार शब्द नाही. शासनाने मान्यता दिलेल्या कॅरव्हॅन पार्कमध्ये, वीज आणि पाण्याच्या जोडणीवर उभी असलेली गाडी रात्रीपुरते घर समजावी, असे एक वाक्य त्यात घालता येईल. अमेरिकेच्या न्यायालयाने १९८५ मध्ये मोकळी ठेवलेली जागा नेमकी हीच आहे. चिखलदऱ्याला थंडीच्या रात्री पडदे ओढून झोपलेल्या कुटुंबाच्या दारावर टकटक होईल, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला कलम ४२ ची वही उघडावी लागेल की नाही, हे त्या एका वाक्यावर ठरणार आहे.